अळणावरहून येणारी बुत्ती

पैशावरून घरोघरी भांडणं होतात. आमच्या घरी झालं ते उलटं भांडण. इतरांकडं ‘मी देणार नाही’ म्हणून आवाज चढतात, आमच्याकडं तिघंही ‘मीच देणार’ म्हणून हमरीतुमरीवर आले होते.

माझी नात आरुषी बारावी झाली. तिला हुबळीतल्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनियरिंगला जागा मिळाली. धारवाडला शेतकी कॉलेजातही मिळत होती, तिथली फी आमच्या आवाक्यातली. पण पोरीचा जीव कॉम्प्युटरमध्ये. खाजगी कॉलेजचा आकडा ऐकून मी खुर्चीतच बसून राहिले. शनिवारी दुपारपर्यंत पहिल्या वर्षाचे पैसे भरायचे होते.

“मी कर्ज काढते,” आरुषी म्हणाली. “शिकणार मी, मग फेडणार पण मीच.”

“बाप जिवंत असताना पोरगी कर्ज काढते? लोक काय म्हणतील?” हा माझा मुलगा यशपाल. लॅमिंग्टन रोडवर शाळांच्या समोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. हुबळीतल्या निम्म्या पोरांची मार्कलिस्टं त्याच्या हाताखालून गेली आहेत, त्यामुळं शिक्षणातलं आपल्यालाच जास्त कळतं असं त्याला वाटतं.

“आणि माझी पेन्शन काय चाटायला ठेवलीय?” ही मी. मी कमल. सारा जन्म इथल्या मराठी शाळेत पोरांचे कान पिळले. आवाज चढवायची सवय सुटलेली नाही आणि सोडायचीही नाही.

माझ्या पेन्शनीत त्या फीचा एक कोपराही भरला नसता, हे तिघांनाही ठाऊक होतं. यशपालनं हात वर केला आणि विषय संपवला. “बँकेतली ठेव मोडतोय. बस. आता सुम्म बसा सगळे.” आणि आम्ही सुम्म, म्हणजे गप्प, बसलो. मला तर अभिमानच वाटला. माझा लेक पोरीच्या शिक्षणासाठी ठेव मोडतो, आणखी काय पाहिजे!

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात माझी सून प्रीती कणीक मळता मळता रडायला लागली. प्रीती रडणारी नव्हे. मी परात बाजूला ओढली आणि काय झालं ते सांग म्हटलं.

“अत्ती, ती ठेव यांच्या ऑपरेशनची हाय,” ती म्हणाली.

महिनाभरापूर्वी दुकानाचं शटर ओढताना यशपालच्या छातीत कळ आली होती. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की, नळी अडलीय, आत जाऊन बघावं लागेल, उशीर करू नका. त्यानं प्रीतीला शपथ घातली, ऍडमिशन होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. त्याच्यानंतर बघू. पैसे पुन्हा साठले की बघू.

“वर्ष लागेल अत्ती साठायला. मी काय करू?”

पातळ बदललं, पिशवी घेतली आणि थेट लॅमिंग्टन रोड गाठला.

शाळा भरायची वेळ. दुकानात गर्दी. मी काउंटरची फळी उचलून आत शिरले आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसले. माझ्या चेहऱ्याकडं बघितल्यावर यशपालनं ओळखलं. गर्दी ओसरेपर्यंत तो माझ्याकडं बघत नव्हता. मग मशीन बंद केलं.

“प्रीतीनं सांगितलं?”

“तिला नाव ठेवू नको. आज संध्याकाळी आरूला सांगायचं. ठेव दवाखान्यात जाईल. फीचं काहीतरी होईल नाहीतर होणार नाही.”

“नाही आई. शनिवारपर्यंत एक शब्द नाही. तिला कळलं तर ती सीट सोडून देईल. तुला माहितीय ती कशी हाय.”

“सोडू दे की!”

“आई,” तो अगदी शांतपणे म्हणाला, आणि त्याच्या शांत आवाजाचीच मला भीती वाटते, “तुझ्या आईनं, दुर्गव्वा आज्जीनं केलं ते बरोबर, आणि मी केलं की चूक? लहानपणापासून तूच सांगत आलीस. दर जयंतीला विहारात उभी राहून सांगतेस. लोक डोळे पुसतात. मी पण पुसलेत.”

जन्मभर वर्गात उत्तरं देणारी बाई मी, पण काउंटरची फळी उचलून गुमान बाहेर आले. घरी जायचं सोडून धारवाडला जाणाऱ्या चिगरी बसमध्ये चढले आणि धारवाड स्टेशनात जाऊन बसले. का गेले, ते मला विचारू नका. राग आला की माणूस कुठं तरी चालू लागतं.

स्टेशन आता ओळखू येत नाही. नवी इमारत, सरकते जिने, विजेवर धावणाऱ्या गाड्या. पण फलाटाच्या त्या टोकाला गेलं, डोळे मिटले, की मला कोळशाचा वास येतो. खरंच येतो. थट्टा नव्हे.

आम्ही धारवाडजवळच्या अळणावरचे. माझा अप्पा, बाळाप्पा, लाकडाच्या वखारीत कामाला. जंगलातून ओंडके यायचे, ते रेल्वेच्या वाघिणीत चढवायचे. अव्वा, म्हणजे दुर्गव्वा, त्याच वखारीत सालं सोलायची. आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली पहिली पोरगी मी. धारवाडला चौघीजणी मिळून एक खोली घेतली होती. फी नाममात्र होती, बाकीची सरकारनं भरली. लोक अजून म्हणतात, सरकारच्या पैशानं शिकली. शिकले की! मी कुठं नाही म्हणते? पण सरकार काही रोज पहाटे उठून भाकरी थापत नव्हतं.

भाकरी यायची अळणावरहून. त्याला आमच्याकडं बुत्ती म्हणतात. फडक्यात बांधून दिलेलं जेवण. सकाळच्या पॅसेंजरनं गार्डाजवळ एक मोठी टोपली यायची आणि तिच्यात अळणावरच्या साऱ्या कॉलेजकर पोरांच्या बुत्त्या. गार्ड एक पैसा घेत नसे. गाडी थांबली की आम्ही शेवटच्या डब्याकडं पळायचो. गार्ड टोपली खाली ठेवायचा आणि म्हणायचा, “सावकाश, सावकाश, भाकरीला पाय नाहीत.” मग ज्यानं त्यानं आपापलं फडकं ओळखायचं. माझं हिरवं. अव्वाच्या जुन्या इलकल लुगड्याचं. रिकामी फडकी संध्याकाळच्या गाडीनं परत जायची.

काय असायचं त्यात? ज्वारीच्या मऊ भाकऱ्या, कारळाची चटणी, कधी झुणका, कधी वांग्याचं भरीत. शनिवारी सुकटाची चटणी असली की खोलीतल्या बाकी तिघी नाकाला पदर लावायच्या आणि मग हळूच बोटानं चाखायच्या. आमच्यातली श्रीलक्ष्मी तर सोवळ्यातली पोर. तिनं चाखून झाल्यावर म्हटलं होतं, “कमल, हे आमच्या घरी सांगू नको हं.” अजून कुणाला सांगितलं नाही, आज सांगते. आता तिलाही नातवंडं आहेत.

किती सुखाचे दिवस होते ते! हातात दमडी नाही, अंगावर दोनच साड्या, पण गाडीची शिट्टी ऐकली की वाटायचं, आपल्या नावानं कुणीतरी पहाटे चूल पेटवली आहे. पुढं पगार आला, घर झालं, फ्रीज आला. ते वाटणं मात्र परत कधी आलं नाही.

बी. ए.च्या शेवटच्या परीक्षेचे दिवस. एका सकाळी टोपलीत हिरव्या फडक्याच्या तीन बुत्त्या आल्या. तीन! मी गार्डाला म्हटलं, चुकून आल्या असतील. तो म्हणाला, “तिन्ही तुझ्याच. तिघीजणी पळत आल्या, तिघींनी तुझंच नाव घेतलं.” मला हसू आलं. अव्वाला वाटलं असणार, परीक्षेत पोरीला भूक फार लागते, म्हणून शेजारणींकडूनही करून घेतलं असणार. त्या दिवशी आम्ही चौघी पोट फुटेस्तोवर जेवलो. एकीत गोड पोळ्याही होत्या. दुपारी अभ्यास सोडून झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकच बुत्ती. चटणीत लसूण जरा जास्त. एवढंच माझ्या ध्यानात आलं.

परीक्षा संपली आणि मी घरी गेले. दारात अप्पा बसला होता, डोक्याचे केस काढलेले. अव्वा जाऊन बरेच दिवस झाले होते.

तिच्या पोटात कधीपासून दुखत होतं. मला कळू दिलं नव्हतं. त्या रात्री दुखणं सोसवेना, म्हणून अप्पानं सकाळच्या पॅसेंजरनं तिला हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. चूल पेटली नाही. पोरीची बुत्ती चुकायला नको, तिला संशय यायला नको, म्हणून तिनं दुखण्यातच आपलं जुनं लुगडं फाडून शेजारणींकडं दिलं. ‘कुणीतरी करा’ म्हणाली. कुणी करायचं ते तेवढं ठरलं नाही. मग तिघींनी केलं.

आणि अळणावरहून हुबळीला जाणारी गाडी धारवाडवरूनच जाते. तीच गाडी. मी फलाटावर बुत्तीला उभी होते आणि माझी आई गार्डाच्या पुढच्याच डब्यात आडवी होती.

अप्पा सांगायचा, गाडी थांबली तसं तिनं डोकं वर केलं. खिडकीतून मी तिला दिसले. अप्पा मला हाक मारायला उठला, तर तिनं त्याचं मनगट धरलं. एवढी आजारी बाई, पण सोडवेना म्हणे. “नको. तिचा आज पेपर हाय.” मी तिकडं तीन बुत्त्या छातीशी धरून हसत होते. ती बघत राहिली. गाडी सुटली तेव्हा म्हणाली, “पोरगीला निऱ्या घालता यायला लागल्या की.”

दोन दिवसांनी हुबळीच्या दवाखान्यात तिनं जीव सोडला. अप्पानं मला कळवलं नाही, कारण तिनं तसंच बजावलं होतं. मी पहिल्या वर्गात पास झाले.

विहारात मी हे निऱ्यांपर्यंत सांगते. तिथं लोक रडतात, टाळ्या वाजवतात, तरण्या आया आपल्या पोरींना जवळ ओढतात. आईनं जीव दिला पण पोरीचं शिक्षण थांबू दिलं नाही! सभेत एवढंच सांगायचं असतं. पुढचं सभेत सांगायचं नसतं. मी घरी आल्यावर ठेवलेल्या अव्वाच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत मला भाषण करायला उभं केलं आणि मी खाली बसले. मला तिचं कौतुक करता येईना. मला ओरडायचं होतं, की अगं, पेपर पुढच्या वर्षी दिला असता! तुला दोन घोट पाणी पाजलं असतं, तुझे पाय चेपले असते. तू मला विचारायचं तरी होतंस. माझ्या शिक्षणाची किंमत माझ्याकडून न विचारता तू परस्पर भरून टाकलीस, आणि पावती तेवढी माझ्या हातात दिलीस.

मी फलाटावर बसून होते. एक गाडी आली, गेली. कॉलेजची पोरं मोबाइल बघत उतरली, कुणाच्या हातात बुत्ती नव्हती. मला अव्वाची फार आठवण आली. आणि इतका राग आला की शेजारच्या माणसानं विचारलं, “अक्का, बरं हाय नव्हं?”

“बरं हाय,” मी म्हटलं आणि हुबळीची बस धरली.

शनिवारी सकाळी यशपाल बूट घालत होता. बँकेतून आणलेला डीडी खिशात. आरुषी तयार होऊन उभी, केस नीट बांधलेले, चेहरा उजळलेला. तिला तसं बघून माझी जीभ एकदा अडखळली, खोटं कशाला बोलू. किती आनंदात होती पोर! मग मी म्हटलं, “आरू, तुझ्या पप्पाच्या हृदयाची नळी अडलीय. डॉक्टरनं ऑपरेशन लवकर करा म्हटलंय. त्याच्या खिशात आहेत ते त्याच ऑपरेशनचे पैसे.”

प्रीतीनं तोंडावर हात ठेवला. यशपाल एका पायात बूट घालून तसाच बसून राहिला.

“आई, तू बोलणार नव्हतीस.”

“मी असं कधी म्हटलं? तू म्हणालास, मी गप्प बसले.”

“दुर्गव्वा आज्जी असती तर…”

“दुर्गव्वा असती तर मी तिच्याशीही हेच भांडले असते! तिनं मला भांडायला ठेवलं नाही, म्हणून तुझ्याशी भांडते. शिकवायचं तर शिकव, घर विक, मला विक, पण जिच्यासाठी करायलालास तिला सांगून कर. तिच्या पाठीमागं मरू नको.”

आरुषी आधी बापाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. “मी पहिल्या दिवसापासून सांगायलालेय, कर्ज काढूया म्हणून. माझं कुणी ऐकलं का? पप्पा, तुम्ही मला मूर्ख समजता का?” एवढं बोलून ती आत गेली. दार लावलं. आतून रडण्याचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा, हुंदके देत.

थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा हातात फोन होता. कॉलेजात फोन करून विचारलं होतं तिनं, बँकेचं कर्ज मिळेपर्यंत थांबाल का. थांबता येणार नाही म्हणाले.

“मग?” यशपालनं विचारलं.

“मग काय? जाऊ दे ती सीट. शेतकीची हाय की.” तिनं बापाच्या खिशातून डीडी काढला, आईच्या हातात दिला. “हे बँकेत परत करून पैसे काढायचे. मम्मी, तू जा. मी यांना घेऊन दवाखान्यात चालले.” मग खाली वाकून तिनं बापाला दुसरा बूट घातला. तो नको नको म्हणत होता. तिनं ऐकलं नाही.

रिक्षात यशपाल माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सोमवारी सकाळीच करायचं ठरवलं. रविवारीही तो माझ्याशी बोलला नाही. मी केलेली पेज प्रीतीच्या हातून घेतली. मी मनात म्हटलं, राग धर बाबा, हवा तेवढा धर. जिवंत राहून धर.

सोमवारी सकाळी आम्ही लांबच्या बाकावर बसलो होतो, मी आणि आरुषी. प्रीती आत त्याच्याजवळ. आरुषीचे डोळे सुजलेले. रात्रभर ती शेतकीच्या कोर्सची माहिती वाचत होती, आणि मधूनच त्या दुसऱ्या कॉलेजचे फोटोही बघत होती. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

“आज्जी,” ती म्हणाली, “विहारात तू सांगतेस ना ते. तुला तुझ्या अव्वाचा राग नाही आला कधी?”

“अजून हाय,” मी म्हटलं.

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. “मला तुझा पण आलाय थोडा. पप्पांचा जास्त.”

“असू दे. राग असला तरी माणसं जवळ असली म्हणजे झालं.”

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. ढकलगाडीवर यशपाल, अंगावर हिरवी चादर, शेजारी प्रीती आणि एक नर्स. ते आमच्या बाजूला वळणारच नव्हते, ऑपरेशनची खोली दुसऱ्या टोकाला होती. त्याची पाठ आमच्याकडं. मला वाटलं, जाईल तसाच. अव्वा गेली तसा, हाक न मारता.

तर त्यानं मान उचलली, मागं वळून बघितलं, आणि दवाखान्यात बोलतात तसं नव्हे, दुकानातून रस्त्यापलीकडं ओरडावं तसं ओरडला.

“आरू! ए आरू! ये इकडं!”

सगळे बघायला लागले. नर्स त्याला गप्प करू लागली. आरुषी उठून धावत सुटली. मला रडू फुटलं, चांगलं हमसून हमसून, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. मग मीही उठले. मला कुणी हाक मारली नव्हती, तरी गेले.